सगळ्यात लहान साचा

बाबांनी माळ्यावरून काढलेला पावाचा साचा तिने त्यांच्या हातातून ओढूनच घेतला.

"हा लहान आहे."

"मलाही डोळे आहेत. दे इकडे."

"मग काचेवर लिहून लोकांना सांगा तरी. आजोबांसारखं करू नका."

बाबांनी हात मांडीला पुसले. भट्टी धगधगत होती, मळलेलं पीठ फुगून परातीच्या काठावर आलं होतं. काल सरकारने पावाचा भाव बांधून दिला आणि मैदा मात्र मोकाट सोडला. भाव वाढवला तर परवाना जाणार, जुन्या वजनाचा पाव विकला तर महिन्याभरात भट्टी थंड.

आजोबांच्या काळातही भाव असाच बांधला होता. शाळेत तो धडा आला तेव्हा तिने ताठ उभं राहून वर्गाला सांगितलं होतं, की आमच्या आजोबांनी सरकारला बरोबर चकवलं, साचाच लहान केला. घरी येऊन तीच फुशारकी मारली, तर गल्ल्यावरची आत्या म्हणाली, "आणि काच कोणी फोडली, ते नाही सांगितलंस?"

दुकानाच्या दर्शनी काचांमधली एक काच बाकीच्यांपेक्षा हिरवट होती. चेंडू लागला म्हणून बदलली, असंच ती लहानपणापासून ऐकत आली होती. त्या दिवशी कळलं, दगड गिऱ्हाइकांनीच मारला होता. पाव लहान झाला म्हणून नव्हे, गुपचूप झाला म्हणून.

"काचेवर लिहायचं म्हणजे आपणच पुरावा द्यायचा," बाबा म्हणाले. "आज निरीक्षक येणार आहे."

"आदेश वाचलात? भाव 'एका पावाला' आहे. वजनाचं नावच नाही. तेव्हाही नव्हतं. सरकारची तीच चूक, बाबा, जशीच्या तशी."

"आल्या मोठ्या वकीलबाई," आत्या म्हणाली. पण खडू तिनेच पुढे सरकवला.

तिने हिरवट काचेवर ठळक अक्षरांत लिहिलं: पाव लहान केला आहे. तीनशे ग्रॅम. भाव सरकारी.

दार उघडलं तेव्हा रांग कोपऱ्यापर्यंत गेली होती. पुढच्या म्हाताऱ्या बाईंनी काच वाचली, पाव तळहातावर तोलला, पुन्हा काच वाचली. बाबांचा हात शटरच्या आकड्यावर होता.

"त्या वेळी तुझ्या वडिलांनी सांगितलं असतं," बाई बाबांना म्हणाल्या, "तर माझ्या भावाने दगड उचलला नसता." आणि पाव पिशवीत टाकून निघून गेल्या.

बाबांचा हात आकड्यावरून खाली आला. रांग सरकू लागली. तिला शीळ घालावीशी वाटली, पण तेवढ्यात निरीक्षक आला. गळ्यात ओळखपत्र, बगलेत फाइल. तो काचेसमोर थांबला.

"हे कोणी लिहिलं?"

"मी," ती म्हणाली. आवाज ठरवल्यापेक्षा बारीक निघाला. "आदेशात वजन नाहीये, काका."

त्याने फाइल उघडली. आदेशाच्या ओळींवरून बोट फिरवलं, मग उलट फिरवलं.

"नाहीये," तो म्हणाला.



"मग मैद्याचा भाव कधी बांधणार?" तिने विचारलं. आता तिला जोर चढला होता.

निरीक्षकाने फाइल मिटली. तिच्याकडे पाहिलं नाही. ओळखपत्र गळ्यातून काढून खिशात ठेवलं.

"सहा द्या," तो आत्याला म्हणाला.

"साहेब, घरी पंगत आहे का?" मागून कोणीतरी हसत विचारलं.

तो हसला नाही. सहा पाव कागदात बांधून घेतले आणि भराभर चालू लागला. तो कोपऱ्यावर वळेपर्यंत रांग त्याच्या पाठीकडे बघत राहिली.

"मैदा अजून महागणार दिसतंय. मलाही सहा," पुढचा माणूस म्हणाला.

"मला आठ."

बाबा मैद्याच्या उरलेल्या पोत्यांकडे बघत उभे होते.

"तुझ्या पेन्सिली कशात असतात गं?" त्यांनी हळूच विचारलं.

ती वर गेली. टेबलावरचा पत्र्याचा डबा तिने पलंगावर उपडा केला. तो खालच्या साच्यासारखाच होता, फक्त त्याहून लहान; इतकी वर्षं तिला तो खेळण्यातला वाटत आला होता. तळाला जळक्या पिठाचा काळा थर होता.