स्टाफच्या दाराशेजारची खोली

माझा भाऊ आत्माराम आयुष्यभर संध्याकाळच्या बाजाराला वचकून राहिला. सांडोरच्या आमच्या वाडीतली पालेभाजी सकाळी ऐटीत असते, दुपारी जरा नरमते आणि दिवेलागणीला गिऱ्हाईक म्हणेल तो भाव. गिऱ्हाइकांनाही हे पाठ असतं. काही बायका मुद्दाम उशिरा येतात, जुडी उलटीसुलटी करतात आणि "आता काय परत घरी नेणार का?" असं गोड आवाजात विचारतात. हे वर्षानुवर्षं ऐकून घेतलेल्या माणसाला जेव्हा कळलं, की समुद्रावर फिरायला नेणाऱ्या जहाजातली रिकामी खोली हीसुद्धा संध्याकाळची पालेभाजीच असते, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे तेज आलं, ते त्याच्या लग्नातही मी पाहिलं नव्हतं.

हे ज्ञान त्याला क्लिफर्डने दिलं. क्लिफर्ड शेजारच्या वाडीतला. परदेशी जहाजांवर पाव भाजण्यात त्याची उमर गेली. गुडघे बोलायला लागले तेव्हा परत आला आणि पारनाक्याला तिकिटांचं दुकान टाकून बसला.

"जहाज सुटलं की रिकामी खोली सडली," क्लिफर्ड म्हणाला. "म्हणून शेवटच्या आठवड्यात कंपनी भाव पाडते. फक्त आपण घाई दाखवायची नाय."

"ते मला शिकवू नको," आत्माराम म्हणाला. "मी दुसऱ्या बाजूला उभा राहून शिकलोय."

जहाजाची हौस मात्र आमच्या घरात कुणालाच नव्हती. प्रश्न ज्ञानदाचा होता. ज्ञानदा ही आत्मारामची मुलगी. हॉटेलचं शिक्षण घेतलं, विमानतळाजवळच्या एका हॉटेलात कामाला लागली आणि आता एका परदेशी जहाज कंपनीने तिला निवडलं होतं. प्रवाशांच्या खोल्या सांभाळायचं काम, नऊ महिन्यांचा करार. महिनाअखेरपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं. आत्मारामने नेहमीचं उत्तर दिलं, "आईला विचार." आणि आईने, म्हणजे आमच्या यशोदाने, सांगितलं, "मी डोळ्यांनी बघितल्याशिवाय हो म्हणणार नाही."

यशोदा माठ घ्यायला गेली तरी दुकानातले सगळे माठ वाजवून येते. ही तर मुलगी होती.

क्लिफर्डने तिला जहाजावरचं सगळं सांगायची तयारी दाखवली. यशोदाने त्याला चहा दिला आणि म्हणाली, "तू पुरुष माणूस. त्यात भटारखान्यातला. दिवसभर लोकांच्या खोल्या झाडून दमलेली पोरगी कुठे टेकते, ते तुला काय ठाऊक?"

"मग स्वतः जाऊन बघा वहिनी," क्लिफर्ड म्हणाला. त्याला चहा लागला असावा किंवा टोमणा. पण ते वाक्य यशोदाने उचललं.

ज्ञानदाच्या कंपनीचं जहाज काही आपल्याकडे येत नाही. पण मुंबईहून गोव्याला जाऊन परत येणारं जहाज होतं. काम सगळीकडे सारखंच, असं क्लिफर्ड म्हणाला. ज्ञानदा म्हणाली, "मी पण येते, तुम्हाला समजावून सांगेन."

"तू नको," यशोदा म्हणाली. "तू चांगलं तेवढंच दाखवशील."

माझी वर्णी कशी लागली तेही सांगते. त्याच खोलीत तिसरं माणूस घेतलं तर त्याचं भाडं जवळपास निम्मं. मी पतपेढीतून निवृत्त झालेली, मागे ना पुढे कुणी. निम्म्या भाड्याचं माणूस शोधायला आत्मारामला लांब जावं लागलं नाही.

मग भावाचा खेळ सुरू झाला. क्लिफर्डने सांगितलेली पथ्यं अशी, की मुलांच्या परीक्षांचे दिवस धरायचे, शनिवार-रविवार सोडायचे, खिडकी मागायची नाही आणि कुठली खोली द्यायची ते कंपनीवर सोपवायचं. आत्माराम रोज पारनाक्याला जायचा, पडद्यावरचा भाव बघायचा, "बघू" म्हणायचा आणि घरी यायचा. यशोदा इकडे महिनाअखेरीकडे बघत होती. शेवटी एका सकाळी क्लिफर्डचा फोन आला, "आता घे. आता नाय घेतलंस तर मीच बायकोला घेऊन जातो." आत्मारामने घेतलं. भाव खरोखर पडला होता. फक्त बंदराचा आकार, कर आणि कर्मचाऱ्यांची बक्षिशी हे बारीक अक्षरातलं काही पडत नाही, ते पैसे भरताना कळलं.

"भाजीपेक्षा पिशवी महाग," आत्माराम म्हणाला. पण खुशीत होता.

बंदरावर सामान तपासताना त्यांनी यशोदाच्या पिशवीतला ताज्या केळ्यांचा फणा बाहेर ठेवला. बाहेरचं खाणं चालत नाही म्हणे. साड्यांच्या घडीत आगाशीची सुकेळी होती, म्हणजे उन्हात वाळवलेली केळी, पानात बांधलेली. ती कुणाला दिसली नाहीत, आणि यशोदानेही दाखवली नाहीत.

खोली कंपनीवर सोपवली की कंपनी काय देते ते आम्ही पाहिलं. अगदी खालच्या मजल्यावर, लांब बोळाच्या टोकाला, बिनखिडकीची. दिवा घालवला की दुपार आणि मध्यरात्र एकच. तिसरा पलंग भिंतीतून खाली यायचा आणि त्याला शिडी. माझे गुडघे आणि यशोदाची चक्कर यामुळे निम्म्या भाड्याच्या पलंगावर पूर्ण भाड्याचा आत्माराम चढला. आणि आमच्या दाराला लागूनच आणखी एक दार होतं. त्यावर लिहिलेलं, फक्त कर्मचाऱ्यांसाठी. ते दिवसभर उघडायचं आणि धाडकन मिटायचं. या खोल्या शेवटपर्यंत का उरतात, ते तेव्हा समजलं.

वरच्या मजल्यांवर मजा होती. पोहायचा हौद, नाच, जादूचे प्रयोग आणि सकाळपासून रात्रीपर्यंत जेवण. लोक असे जेवत होते, जणू कुणीतरी मागून ताट ओढायला आलंय. आत्मारामने पहिल्या न्याहारीतच बंदराचा आकार वसूल केला आणि दुपारी कराला हात घातला. चकचकीत कपातली कॉफी, इंटरनेट, कोपऱ्याकोपऱ्यावर काढलेले फोटो, यांना वेगळे पैसे पडतात हे क्लिफर्डने आधीच सांगून ठेवलं होतं, त्यामुळे आम्ही त्यांच्या बाजूने नजर खाली घालून जायचो.

यशोदा यातलं काही बघत नव्हती. तिने खोलीचं दार अर्धवट उघडं ठेवलं, खुर्ची ओढली आणि त्या शेजारच्या दारावर नजर लावून बसली. तिकडून पोरं-पोरी बाहेर येताना पदर सावरावा तसं हसू सावरून यायची. आत जाताना दार मिटायच्या आधीच ते उतरलेलं असायचं.

"वन्सं, बघितलंत?" यशोदा म्हणाली.

"दुकानात बसलं की सगळेच हसतात," मी म्हटलं. "तुझा नवरा बाजारात हसतो, घरी हसतो का?"

"तो घरी तरी येतो."

आमची खोली सांभाळणारी मुलगी होती रुचिता. मूळची चिपळूणकडची, राहायला नालासोपाऱ्याला. एवढं समुद्रावर यावं आणि भेटावं कोण, तर आमच्याच भागातल्या गासच्या बाजूला जिची बस थांबते ती. यशोदाला ती काकू म्हणायची आणि मला आजी. आमच्यात अंतर आहे पाच वर्षांचं. मी ते मनावर घेतलं नाही, फक्त लक्षात ठेवलं.

यशोदा वाडीच्या सवयीने पहाटेच उठायची. दुसऱ्या दिवशी उठली, तिन्ही अंथरुणं काढली, चादरींच्या घड्या घालून उशाशी रचल्या, न्हाणीघर घासून कोरडं केलं आणि ओले पंचे दिव्याच्या दांडीवर वाळत टाकले.

"आपण एवढी दांडगी माणसं असताना दुसऱ्याची पोर आपलं अंथरूण का काढेल?" ती म्हणाली. आपण त्या मुलीचं ओझं हलकं केलं, याचं समाधान तिच्या तोंडावर दिसत होतं. मलाही ते बरोबरच वाटलं.

रुचिता आली, दारातूनच बघून "अय्यो काकू" म्हणाली, आणि ती आत पाय टाकते तोच तिच्या मागून काळ्या कोटातला एक माणूस आला. कुठलीही खोली अचानक तपासायचं त्याचं काम. आम्हाला त्याने अदबीने नमस्कार केला. मग घडीची चादर बोटाने उचलली, दिव्यावरच्या पंच्यांकडे पाहिलं आणि रुचिताशी हळू आवाजात इंग्रजीत काहीतरी बोलला. तो ओरडला असता तर बरं, असा तो आवाज होता.

"ते तिने नाही केलं," यशोदा म्हणाली. "मी केलंय."

"मॅडम, आप आराम कीजिए," तो हसून म्हणाला आणि हातातल्या फोनवर काहीतरी नोंदवून गेला.

"काय लिहिलं त्याने?" यशोदाने विचारलं.

"काही नाही काकू."

"मी अख्खं घर चालवते. मला काही नाही सांगू नको."

रुचिताने चादर झटकली. "तपासायला आलो तेव्हा खोली तयार नव्हती, असं लिहिलं. कुणी पसरली, कुणी आवरली, ते त्यात येत नाही. तुम्ही सकाळी आवरलीत तरी मला सगळं उचकटून परत घालावं लागतं. चादरीचा कोपरा त्यांच्या पद्धतीचाच लागतो."

यशोदा खुर्चीत बसली. दिवसभर ती वर जेवायलाही आली नाही. आत्मारामने तिच्या वाट्याचंही वसूल करायचा प्रयत्न केला, पण त्याचंही मन लागेना.

पुढच्या दिवशी गोवा आलं. खाली उतरून बसने फिरायचे पैसे वेगळे होते. आत्माराम म्हणाला, "गोवा वरूनही दिसतं." सगळं जहाज रिकामं झालं. बोळ शांत, ते दारही शांत. यशोदाने त्या दिवशी एकही अंथरूण हलवलं नव्हतं, आणि ते न हलवताना तिचे हात कसे शिवशिवत होते ते मी पाहिलं. रुचिता आली तेव्हा यशोदा उठून बाहेर बोळात उभी राहिली.

"मी बाहेर थांबले तर चालेल ना? की त्यानेही काही लिहितात?"

रुचिता मनापासून हसली. "हीच मदत असते काकू. माणसं वेळेवर बाहेर पडली की खोली लवकर होते. आज घाई नाही. या आत."

मग तिने यशोदाला तो कोपरा दाखवला. चादर आधी खाली दाबायची, बाजू वर उचलायची, पाकिटासारखी आत सारायची. यशोदाने दोनदा करून बघितला. दुसऱ्या वेळी जमला. यशोदाने साड्यांच्या घडीतून सुकेळी काढली. रुचिताने दार लोटलं, उभ्याउभ्याच एक खाल्लं आणि डोळे मिटून म्हणाली, "आगाशीची आहेत."

"किती खोल्या करतेस?"

"सतरा. दिवसातून दोनदा. जहाज भरलेलं असलं की. सीझन नसला की काही खोल्या रिकाम्या राहतात, तेव्हा जरा श्वास मिळतो. पण शेवटच्या आठवड्यात भाव पाडतात ना, मग सगळ्या भरतात. त्यात तिसरा पलंग असला की तेवढ्याच वेळात तो पण."

आत्माराम शिडीवर बसला होता. तो खाली उतरला, चपला घातल्या आणि वर डेकवर निघून गेला. तो कशासाठी गेला ते मी विचारलं नाही.

"झोपतेस कुठे?" यशोदाने विचारलं.

"याच्याही खाली. दोघीजणी एका खोलीत. हिच्यापेक्षा लहान, पण अशीच. खिडकी नाही."

यशोदाने त्या बिनखिडकीच्या भिंतींकडे एकवार पाहिलं. आता ती पगार विचारेल, पुरुष कसे वागतात ते विचारेल, आजारी पडलं तर काय ते विचारेल, असं मला वाटलं. माझी स्वतःची यादी हीच होती. तिने विचारलं, "आईची आठवण आली की कुठे जातेस? खोलीत तर दुसरी असते."

रुचिता थोडा वेळ उशी थोपटत राहिली.

"चादरी धुतात तिथे जाते, काकू. मोठ्या मशीन चालू असतात. कुणाला ऐकू जात नाही. आम्ही सगळ्या तिथेच जातो." मग हसली. "कधीकधी आधीच कुणीतरी असतं. मग आपण नंतर जायचं."

"आणि मग?"

"मग तोंड धुवायचं. पुढची खोली."

"परत करार केलास तू?"

"तिसरा आहे. नालासोपाऱ्याच्या घराचे हप्ते माझ्या नावावर आहेत, काकू. म्हणजे घरही माझ्या नावावर आहे." हे सांगताना ती पहिल्यांदा ताठ उभी राहिली. उरलेली सुकेळी यशोदाने तिच्या खिशात कोंबली, आणि पुढची खोली करायला ती त्या दारातून गेली.

यशोदाने त्या दिवशी आणखी काही विचारलं नाही, परतीच्या वाटेवरही नाही. पतपेढीत कर्ज द्यायचं की नाही, हे मी माणसाच्या चालण्यावरून ओळखायचे. यशोदाचं मात्र मला मुंबईच्या बंदरापासून सांडोरपर्यंत काही ओळखता आलं नाही.

वाटेत पारनाक्याला क्लिफर्ड दुकानाच्या पायरीवर उभा होता. "काय आत्माराम, भाव कसा पाडला?" तो म्हणाला. हा किस्सा आत्माराम साऱ्या गावाला सांगणार अशी माझी खात्री होती. तो नुसतं "पडला" म्हणाला आणि रिक्षा पुढे घ्यायला लावली.

ज्ञानदा घरी वाट बघत होती. तिने चहा टाकला, आम्हाला बसवलं आणि मग तिला राहवेना. "आई, उद्या कळवायचंय मला."

यशोदाने चहा संपवला. मग उठून ज्ञानदाच्या पलंगावरची चादर ओढून काढली आणि परत पसरली.

"ये इकडे. आधी खाली दाब. आता बाजू उचल. अशी नाही, पाकिटासारखी. त्यांना हा असाच लागतो."

ज्ञानदाने तो कोपरा केला. बावळटासारखा झाला. यशोदाने तो उसवला आणि पुन्हा करायला लावला.

"आई, म्हणजे हो का?"

"जेवण बरं मिळतं," यशोदा म्हणाली. "पाय दुखतील. खोलीला खिडकी नसेल, ते आधीच मनात धर. आणि गेल्या गेल्या चादरी धुतात ती जागा कुठे आहे ते विचारून ठेव."

"ती कशाला? मला धुलाईत नाही घेतलेलं."

"लागते," यशोदा म्हणाली. आणि चार दिवस तहानलेल्या केळींना पाणी सोडायला वाडीत गेली. बाहेर पंप सुरू झाला. त्याचा आवाज मोठा आहे. तिच्यामागे कुणी गेलं नाही.