चढावर चढणारं लाकूड

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. टेबलावर दोन लोखंडी गजांची चढण मांडली होती. गज खाली एकमेकांजवळ होते आणि वर फाकत गेले होते. महाराजांनी मधे जाड, दोन्ही टोकांना निमुळतं असं लाकूड खालच्या बाजूला ठेवलं, आणि ते आपलं आपण वर गडगडत गेलं.

"तुमचा आजार घेऊन चढतंय ते!" महाराज गरजले. "औषधं सोडा, श्रद्धा धरा." लोकांचे हात आपसूक जोडले गेले.

मागच्या रांगेतल्या कातार्‍यानं ते लाकूड लगेच ओळखलं. ते त्याच्याच लेथवर कातलेलं होतं. जिन्याच्या शोभेसाठी म्हणून एक शिष्य ते करून घेऊन गेला होता, आणि यानं हौसेनं दोनदा पॉलिश मारून दिलं होतं. आता त्याच पॉलिशला लोक हात जोडत होते. त्याला स्वतःच्या हातांची किळस वाटली.

शेजारी बसलेल्या त्याच्या मोठ्या बहिणीनं महाराजांचं ऐकून दोन दिवस इन्सुलिन घेतलं नव्हतं. तिचे ओठ सुकले होते, श्वास जड झाला होता.

"ताई, उठ. दवाखान्यात जाऊ."

"गप रे. माझ्या डोळ्यांनी चढताना पाहिलंय मी."

तो तडक टेबलापाशी गेला. "अश्रद्ध हातानं ते चढत नाही बाळा," महाराज गोड हसले. त्यानं लाकूड गजांच्या खालच्या टोकाला ठेवलं. ते निमूट चढलं.

"माझा तुमच्यावर काडीचाही विश्वास नाही, तरी चढलं." मग त्यानं आपल्या कामाच्या पिशवीतला सरळ, गोल दांडका वरच्या टोकाला गजांवर आडवा ठेवला. तो गडगडत खाली येऊन महाराजांच्या मांडीवर पडला. "याची श्रद्धा कमी पडली वाटतं?"

कुणीतरी फिस्सकन हसलं.

ताई शिवणकाम करायची. टेप कायम गळ्यात. "तूच मोज," तो म्हणाला. "टेबलापासून लाकडाच्या निमुळत्या टोकापर्यंतची उंची."

ती धापा टाकत आली. त्यानं लाकूड खालच्या बाजूला धरून ठेवलं. "साडेपाच इंच." ते वर गेल्यावर तिनं पुन्हा टेप लावला. "साडेचार." तिनं परत मोजलं. साडेचारच.

"गज चढतात, पण फाकतातही. म्हणून लाकूड त्यांच्यामधे खाली बसत जातं. त्याच्या वजनाचा मध्य जाड पोटात, दोन्ही टोकांच्या रेषेत आहे, आणि तो इंचभर उतरला. सगळ्या वस्तू जातात तसं हेही खालीच गेलं."

महाराज चेल्यांना गज आवरायला सांगत होते. ताई टेपकडे बघत राहिली.

"दोनदा मापल्याशिवाय कापडाला कधी कात्री लावली नाही मी," ती पुटपुटली. "आणि औषध मात्र काहीच न मोजता सोडलं." तिनं त्याचा हात धरला. "चल दवाखान्यात."

डोळ्यांना दिसलं ते खरंच होतं. त्याचा अर्थ मात्र तिनं महाराजांच्या तोंडून घेतला होता. तुम्ही तसा घेऊ नका. आधी टेप लावा.