शिंतोड्यांचं फूल

"पाहुणे दारात आले नि ही अजून कळ्याच खुडतेय! मेलीला वेळेचं भान नाही," सासूबाई थोरल्या सुनेच्या कानाशी पुटपुटल्या.

थोरली खुडतच राहिली. कार्नेशनच्या दांडीवर एकच कळी ठेवायची, बाजूच्या सगळ्या खुडायच्या. मग ती एक टपोरी फुलते. घरातही सासूबाईंनी धाकटा लेक असाच वाढवला होता.

तो धाकटा, म्हणजे थोरलीचा दीर, पाहुण्यांना घेऊन पॉलीहाऊसमध्ये शिरला. त्याला दुसरेपणावर द्यायची मुलगी आणि तिचे वडील.

"हे आमचं फूल. पांढऱ्यावर तांबडे शिंतोडे," तो सांगत होता. "पांढऱ्या रोपाला अचानक एक फांदी अशी फुटली. मी हेरली. तिच्याच काड्या लावून एवढा मळा केला."

मी म्हणे! हेरली होती धाकट्या जावेनं. फांदीला रिबीन बांधून तिनं ती पोटच्या पोरासारखी जपली. मग नर्सरीवाला बघायला आला, तेव्हा हसत बोलून गेली, "ह्यांना विचारू नका हो, ह्यांना कळी नि पान एकच!"

दीरही हसला होता. नर्सरीवाल्याची गाडी वळेपर्यंत. मग त्यानं रोपांना आधार देणाऱ्या जाळीची लोखंडी सळई उपसली. पहिला घाव हातावर, दुसरा कानशिलावर, तिसरा ती पडल्यावर.

थोरली दहा पावलांवर कात्री धरून उभी होती.

"टाकीवरून पडली ती. कळलं?" सासूबाई म्हणाल्या. "आणि ती फुलं बांध. गाडी येईल."

जन्माचे शिंतोडे कुठले नि आत्ताचे कुठले, थोरलीला निवडता येईना. तिनं वीस-वीसच्या जुड्या बांधल्या. बाजारातून एकही परत आली नाही.

"पहिली कशानं गेली म्हणालात?" मुलीच्या वडिलांनी विचारलं.

"टाकीवरून पाय घसरला," दीर म्हणाला.

"नशीब एकेकाचं," सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला.

दीर काडी कशी लावायची ते दाखवू लागला. मुलगी खुदकन हसली. "अहो, उलटी धरलीत! शेंडा मातीत घालताय होय?"

दीरही हसला. अगदी तसाच. त्याचा हात नकळत जाळीच्या सळईवर टेकला.

थोरलीनं हातातल्या कळ्या खाली टाकल्या.

"पोरी, ती टाकीवरून नाही पडली," ती म्हणाली. "ह्या भावजींनी मारली तिला. ह्याच सळईनं. आणि मी इथंच उभी होते."