दुहेरी दोरा

सभाईनं करंगळीच्या वाढवलेल्या नखावर मलमलीचं टोक उचललं, त्याभोवती दोरा चार वेळा फिरवला आणि नेहमी तोडायची तसा तोडला नाही. तोच दुमडून पुन्हा चार वेळा फिरवला आणि फास आवळून टाकला.

रोहीच्या वाळवंटातल्या कुठल्याही बाईनं हे पाहिलं असतं तर कपाळाला हात लावला असता. चुनरीच्या गाठी एकेरी दोऱ्याच्याच असतात. रंग चढला की चुनरी तशीच बांधलेली नवरीच्या घरी जाते. लग्नाच्या दिवशी दोन सवाष्णी ती तिरपी धरून ताणतात, आणि गाठी लाह्यांसारख्या तडतडत सुटतात. सभाईला विधवा होऊन एकोणीस वर्षं झाली होती. तेवढ्या काळात तिनं शेकडो चुनऱ्या बांधल्या, पण एकही उघडताना पाहिली नव्हती. विधवेला तिथं कोण बोलावणार?

ही चुनरी बख्तावरची होती, आणि बख्तावर सभाईच्या पोटची. नवरा गेला तेव्हा ती पोटात होती. मोठ्या दिराकडे पाळणा हलत नव्हता, सभाईकडे चूल पेटत नव्हती. सव्वा महिन्याची पोर तिनं मोठ्या जावेच्या, जिंदनच्या, ओटीत घातली. मुलगी वस्तीच्या दुसऱ्या टोकाला वाढली ती सभाईला काकी म्हणतच. सभाईनं कधी हूं की चूं केलं नाही. आता तिला एकच हवं होतं. लेक परक्या घरी जाण्याआधी एकदा तिच्यासमोर बसायचं होतं.

"झाली का गं?" जिंदन दारातूनच म्हणाली. "रंगारी खोळंबलाय."

"झाली, अदी." थोरल्या जावेला ती अदी, म्हणजे ताई, म्हणायची.

जिंदननं चुनरी हातात घेऊन चाचपली.

"गाठी भारीच टणक लागतायत."

"घागरा जड आहे तिचा. वर लेचंपेचं कसं शोभेल?"

जिंदननं चुनरी काखेत मारली. जाता जाता थांबली.

"लग्नाला ये. मागं हंड्यांपाशी बस. बायकांची तोंडं तुला माहीत आहेत."

"माहीत आहेत," सभाई म्हणाली.

लग्नाच्या दुपारी ती हंड्यांपाशीच बसली. समोर बायकांच्या गराड्यात दोघींनी चुनरी ताणली. तडतड झाली नाही. पुन्हा ताणली.

"जेवला नाहीत का गं सकाळपासून?" कुणीतरी म्हणालं.

"तू ये ना, पैलवान. ओढून बघ."

तिसरी आली, चौथी आली. कापड फाटेल म्हणून एकीनं कात्री मागितली.

"लग्नाच्या चुनरीला कात्री लावतात होय?" जिंदन पुढं झाली. तिनं एक गाठ उजेडात धरली, तिच्यावरून नख फिरवलं, आणि हंड्यांच्या दिशेनं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. सभाईची नजर खाली गेली. आता सगळ्यांसमोर आपली शोभा होणार असं तिला वाटलं.

"सभाई, इकडं ये. तू बांधलीस, तूच सोड."

बायका आपसांत कुजबुजल्या. पण बोलावणारी नवरीची आई होती, तेव्हा पुढं कोण बोलणार?

सभाईनं हात कुर्त्याला पुसले आणि बख्तावरच्या गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ बसली. बख्तावरनं दुसरं टोक ताणून धरलं. सभाई नखानं एकेक गाठ सोडू लागली. लाल रंगावर पांढरे ठिपके उमलत गेले, ठिपक्यांची वेल झाली. आपण इतकं चांगलं बांधतो हे सभाईला ठाऊकच नव्हतं. लेकीचा श्वास तिच्या कपाळाला लागत होता. ती मुद्दाम सावकाश सोडत होती, आणि बख्तावरही घाई करत नव्हती.

बाहेर वऱ्हाडाच्या गाडीनं भोंगा वाजवला. एक कोपरा अजून बाकी होता.

"पुरे आता," जिंदन म्हणाली. "राहिलेलं तिची सासू सोडेल."

बख्तावरनं तो कोपरा मुठीत धरला.

"तिकडं कुणाला नाही सुटायच्या. दोरा दुहेरी आहे." मग ती खाली वाकली, आवाज आणखी खाली आणला. "सातव्या दिवशी माहेरी येईन ना, तेव्हा तुझ्याकडं सोडू, काकी. मुक्कामालाच येते."

सभाई संध्याकाळी घरी परतली. अंगणातली एकुलती एक खाट आत ओढायला सवयीनं वाकली, आणि ती तशीच ठेवून शेजारणीच्या दारात गेली.

"एखादी जास्तीची खाट आहे का गं?"

"कुणी येतंय का आज?"

"आज नाही. सातव्या दिवशी," सभाई म्हणाली. "पण मी आत्ताच नेते."