स्वच्छ आवाज, दणदणीत बास

आमच्या धाकटीला हेडफोनमधलं ओ की ठो कळत नाही. तिच्या इअरफोनची एक बाजू बंद पडली तर ती दुसऱ्या कानावर महिना काढते. त्यामुळे ‘ताई, हेडफोन घ्यायला मी येते तुझ्याबरोबर’ असं ती आपणहून म्हणाली, तेव्हाच माझे कान टवकारायला हवे होते. टवकारले नाहीत. सख्ख्या बहिणीवर कुणी पाळत ठेवतं का?

हेडफोन मला हवे होते आमच्या गाण्यासाठी. मी दिवसा चष्म्याच्या दुकानात काम करते आणि शनिवार-रविवार संध्याकाळी एका हॉटेलात गाते. कीबोर्डवर मास्तर असतात, बँडही त्यांचाच. इतकी वर्षं आम्ही दुसऱ्यांची गाणी गायलो. लोक जेवत असतात, अधूनमधून कुणी काटा खाली ठेवून टाळ्या वाजवतं. या वर्षी मास्तरांनी पहिल्यांदाच आमचं स्वतःचं गाणं रचलं आणि स्टुडिओत नेऊन मला गायला लावलं. रेकॉर्डिंगच्या दिवशी नेमका माझा घसा बसला. तशाच घशाने कसंबसं गाऊन मी रडकुंडीला आले, तर मास्तर म्हणाले, “हल्ली मशीनवर सगळं नीट करता येतं. तू निवांत घरी जा.” मी गेले. गाणं हातात आलं तेव्हा इतकं गोड झालं होतं की मी त्या मशीनला मनातल्या मनात हात जोडले.

फोनच्या टीचभर स्पीकरवर ते किती वेळा ऐकलं, मोजलं नाही. मग वाटलं, आयुष्यात एकदा आपलं स्वतःचं गाणं झालंय, ते एकदा नीट ऐकावं तरी.

दुकानदाराला मी सांगितलं, “आवाज स्वच्छ हवा, बास दणदणीत हवा आणि किंमत बेताची हवी.”

“तिन्ही एकदम हवं असेल तर जरा कठीण आहे, मॅडम,” तो म्हणाला, पण शोधून शोधून त्याने दोन हेडफोन काउंटरवर ठेवले. एक काळे, चांगले गुबगुबीत. दुसरे राखाडी, दिसायला अगदीच गरीब.

धाकटीने लगेच काळे उचलले. “हेच घे ताई. बास बघ ना, छातीत धडधडतं.”

“छातीत धडधडायला मला हेडफोन लागत नाहीत. घरचे पुरेसे आहेत.”

ती हसली, पण काळे हेडफोन काही तिने खाली ठेवले नाहीत.

आमच्या चष्म्याच्या धंद्यात निवडायची एक रीत आहे. गिऱ्हाइकाला ‘दिसतंय का’ असं कधी विचारायचं नाही, कारण लोक भिडेपोटी ‘हो’ म्हणतात. एकच ओळ समोर ठेवायची, भिंग बदलत राहायचं आणि विचारायचं, ‘हे बरं की मघाचं?’ तीन-चार फेऱ्या झाल्या की माणूस आपोआप खरं बोलतो. मी म्हटलं, कानालाही हाच नियम लावू. ओळ कुठली, हेही ठरलेलं होतं. आमच्या गाण्याची दुसरी ओळ. चांगली लांबलचक आहे आणि मी ती एका दमात गाते. त्या ओळीचा मला गर्व आहे, लपवून काय करायचं?

“आपलंच गाणं कशाला लावतेस?” धाकटी म्हणाली. “दुसरं काहीतरी लाव. सारखं तेच ऐकून कान बधिर होतात.”

“बधिर व्हायला ऐकलंय कुठे अजून नीट?”

तिने माझ्या हातातून फोन काढून घेतला आणि भलतंच एक गाणं शोधायला लागली. मी तो परत घेतला. तेव्हाही माझ्या काही लक्षात आलं नाही. वाटलं, पोरीला घरी जायची घाई असेल.

आधी काळे लावले. खालच्या मजल्यावर कुणी लाकडी कपाट सरकवावं तसा बास, आणि गाणारी बाई जणू गोधडीत तोंड घालून गातेय. मग राखाडी लावले. गोधडी बाजूला झाली. बास होता, चांगला भरदार होता, पण आपली पायरी ओळखून होता.

आणि ओळीच्या मधोमध कुणीतरी श्वास घेतला.

एवढासा, चोरटा. मी ओळ मागे नेली. पुन्हा श्वास. काळे लावले, श्वास नाही. राखाडी लावले, आहे. हे बरं की मघाचं, हे बरं की मघाचं, असं करत मी चार फेऱ्या मारल्या आणि शेवटी कानाने खरं सांगितलं. त्या जागी मी श्वास घेत नाही. त्या जागी श्वास घेणारी माझ्या माहितीत एकच बाई आहे. तिला गाणं मीच शिकवलं, आणि ‘शब्दाचे दोन तुकडे करू नकोस गं’ म्हणून हजारदा तिच्या गुडघ्यावर चापट मारली. ती माझ्या शेजारी उभी राहून फोनची कव्हरं बघत होती.

तुम्ही म्हणाल, बाई, तुझा आवाज तुलाच ओळखू आला नाही? तर रेकॉर्ड केलेला आपला आवाज कुणालाच आपला वाटत नाही, एकदा करून बघा. त्यात आम्हा दोघींचे आवाज एका साच्यातले. फोनवर आमची आईसुद्धा फसायची.

मी गाणं पुढे ऐकलं. अंतऱ्यात, बाईच्या मागे, लांब कुठेतरी एक घोगरा ‘आ...’ चालला होता. तो मात्र मी लगेच ओळखला. तो माझा बसलेला घसा. तेवढाच त्यांनी ठेवला होता. काळ्या हेडफोनमध्ये तो बासच्या खाली पार गाडला गेला होता.

मी हेडफोन काढले. “हे कोण गातंय?”

“कुठे?”

“ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस.”

तिने हातातलं कव्हर जागेवर नीट लावून ठेवलं. “मास्तरांनी दुसऱ्या दिवशी बोलावलं. म्हणाले, ताईला सांगू नकोस, ती मनाला लावून घेईल. आणि ताई, नाव तुझंच आहे गाण्यावर. माझं नाव घाला, असं मी एका शब्दाने तरी म्हणाले का?”

म्हणजे उपकारच की. गाणं ऐकून लोकांनी मला रस्त्यात थांबवून शाबासकी दिली होती, ती मी तोंड भरून घेतली होती. त्या आनंदात मी हिलाच हॉटेलात जेवायला नेलं होतं. ही समोर बसून व्यवस्थित जेवली, वर गोडही मागवलं. कानामागून आली आणि तिखट झाली, ही म्हण मी आजवर जावेसाठी राखून ठेवली होती.

“चार दिवसांत घसा सुटला माझा. मला परत का नाही बोलावलं?”

तिने दुसरं कव्हर उचललं.

“स्टुडिओ मिळत नव्हता?”

“मिळत होता.” मग हळूच म्हणाली, “मास्तर म्हणाले, घशाचं नुसतं निमित्त आहे. ताईचा आवाज आता थकलाय.”

“आणि तू काय म्हणालीस?”

“मी काही नाही म्हणाले.”

मास्तर परका माणूस, त्याला काय दोष द्यायचा? पण जिला मी सा लावायला शिकवलं, तिला त्या खोलीत माझ्यासाठी एक शब्द सापडू नये? केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. मला इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं, आणि ते तिने पाहिलं याचा आणखी राग आला.

“मॅडम, काळे पॅक करू?” दुकानदाराने विचारलं.

“राखाडी,” मी म्हटलं. धाकटी दारापर्यंत मागे आली. मी वळून पाहिलं नाही.

घरी नवरा कामावरून येऊन बूट काढत होता. लिफ्ट दुरुस्त करतो तो. पण माझा एकही कार्यक्रम चुकवत नाही, शेवटच्या टेबलाशी एक कॉफी घेऊन तासन्‌तास बसतो. मला वाटलं, जगात कुणाला कळलं नाही तरी याला कळेल. याने माझा आवाज सर्दीत ऐकलाय, भांडणात ऐकलाय, बाळंतपणात ऐकलाय. आणि याला कळलं, तर माझा आवाज अजून आहे, थकलेला का असेना, कुणाच्या तरी कानात आहे. मी एक अक्षर न बोलता राखाडी हेडफोन त्याच्या कानांवर चढवले आणि गाणं लावलं.

त्याने डोळे मिटले. बोटांनी गुडघ्यावर ताल धरला. दुसरी ओळ आली, गेली. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत उभी होते.

गाणं संपल्यावर त्याने हेडफोन काढले. “वा! काय स्वच्छ ऐकू येतंय. तुझं आजवरचं सगळ्यात छान गाणं आहे हे.”

मी हेडफोन त्याच्या हातातून परत घेतले.

“फक्त एक कर,” तो म्हणाला. “मागे ते कुणीतरी घोगऱ्या आवाजात आ-आ करतंय ना, तेवढं मास्तरांना काढून टाकायला सांग. तुझ्या आवाजाचा पार विचका होतोय.”