पाठीवरचं काम

आमचा फोटो स्टुडिओ होता. फोटो मी काढायचो आणि रिटचिंग ही करायची. ही म्हणजे माझी बायको. ती गेल्याला आता सात महिने झाले.

रिटचिंग म्हणजे काय ते हल्ली सांगावं लागतं. मागून उजेड असलेल्या काचेवर निगेटिव्ह ठेवायची, डोळ्याला भिंग लावायचं आणि टोकदार पेन्सिलीने सुरकुतीच्या रेघेत बारीक ठिपके भरत जायचे. निगेटिव्हवर भरलं की फोटोत ती जागा उजळते, सुरकुती जाते. चाकूच्या टोकाने खरवडलं तर उलट होतं, फोटोत तिथे काळं येतं. चाकूला सगळे घाबरतात. पेन्सिल टर्पेंटाइनने पुसता येते, खरवडलेलं काही परत येत नाही.

एकतीस वर्षं हिने लोकांच्या तोंडावरची वर्षं पुसली. एकदा एक मुख्याध्यापक आले आणि म्हणाले, माझी दुसरी हनुवटी काढून टाका. ही म्हणाली, "काढते की. पण मग मान कुठून सुरू करायची ते तुम्हीच सांगा." ते रागावून गेले आणि आठवड्याने फोटो घ्यायला आले तेव्हा हसत होते.

आमच्या फोटोग्राफर मंडळाचं दरवर्षी प्रदर्शन भरतं. दोनेक वर्षांपूर्वी तिथे एकाने तरुण मुलींच्या उघड्या पाठींचे फोटो लावले होते. काम चांगलं होतं, उजेड मऊ होता. ही बराच वेळ बघत उभी राहिली. मला वाटलं, हिला आवडलं नाही.

बाहेर पडल्यावर म्हणाली, "ह्या पोरींना कधी कोणी जवळ घेतलंय असं वाटत नाही हो. चिनी मातीच्या दिसतात."

मी म्हटलं, "तरुण आहेत म्हणून."

"तरुण असल्या म्हणून काय झालं? तुम्ही माझा काढा."

तेव्हा ती चोपन्न वर्षांची होती. मी थट्टेवारी नेलं. पण सुट्टीच्या दिवशी जेवण झाल्यावर तिने स्टुडिओचं दार आतून लावलं आणि खिडकीपाशी स्टूल ओढलं.

मी मोठ्या फिल्मचा कॅमेरा काढला. तिने अंगावरचे कपडे कमरेपर्यंत खाली घेतले आणि खिडकीकडे तोंड करून बसली. ती पाठ मला पाठ होती असं मी समजत होतो. पण कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर चित्र उलटं दिसतं, त्यात ती मला नवीनच वाटली. तिने केस वर बांधले होते आणि मानेवर एक बट सुटली होती. मी ती बट सारखी करायला गेलो. ती म्हणाली, "राहू दे, नाहीतर फोटो व्हायचा नाही." त्या दुपारी एक फिल्म काढली आणि दुसरी भरायला मला बराच उशीर झाला. कारण सांगायची गरज नाही. दुसरी हलली, वाया गेली. पहिली चांगली आली.

पण मी एक गोष्ट केली होती. नवरी मुलींचे फोटो काढताना आम्ही कॅमेऱ्याच्या भिंगावर बारीक विणीचा पायमोजा ताणून बसवायचो, म्हणजे कातडी नितळ दिसते. तो मी त्या दिवशीही बसवला होता. सवयच होती, आणि ती छान दिसावी असं वाटत होतं म्हणूनही.

प्रिंट बघून ती म्हणाली, "छान आहे. कोण आहे ही?"

मी हसलो. ती पण हसली, आणि तिने निगेटिव्ह मागून घेतली. "थोडं काम आहे माझं," म्हणाली.

नंतर तिचं आजारपण निघालं. दवाखान्याच्या फेऱ्या सुरू झाल्या. मधल्या दिवसांत बरं वाटलं की ती टेबलाशी बसायची. काय करते ते मी विचारलं नाही. शेवटच्या महिन्यात एकदा म्हणाली, "तो फोटो यंदा प्रदर्शनाला द्यायचा. दोघांच्या नावावर." फोटोवर रिटचिंग करणाऱ्याचं नाव कधी येत नाही. तिने एकतीस वर्षांत मागितलंही नव्हतं. मी हो म्हटलं.

ती गेल्यावर पाचव्या महिन्यात प्रदर्शन आलं. शनिवारी फोटो द्यायची मुदत होती. सोमवारी मी तिच्या खणातून पाकीट काढलं, निगेटिव्ह उजेडावर धरली आणि कपाळाला हात लावला. सगळ्या पाठीवर ओरखडे. खांद्यावर, बगलेखाली, कमरेवर. मला वाटलं, खणात कचरा असेल, नाहीतर आजारपणात तिच्या हातून घासली गेली असेल. दुसरी निगेटिव्ह नव्हती.

मग मी पेन्सिल घेतली. रिटचिंग मला तिच्याइतकं येत नाही, पण येतं. तीन दिवस मी ओरखडे भरत बसलो. खांदे झाले, पाठीचा मधला भाग झाला. बुधवारी एक प्रिंट काढून बघितली. नितळ. कंबर सोडली तर पहिल्यासारखी.

गुरुवारी मुलगी आली. ती शाळेत शिकवते, सासर गावातच आहे. प्रिंट वाळत होती.

"बाबा, हे काय?"

"तुझी आई."

"ते दिसतंय मला. हे इथे वाळत का घातलंय?"

"प्रदर्शनाला द्यायचंय."

तिने खुर्चीवर पर्स आपटली. "डोकं फिरलंय का तुमचं? माझ्या सासूबाई दरवर्षी जातात तिथे. शाळेचे लोक जातात. त्यांच्यासमोर आईला अशी टांगणार?"

"तिनेच सांगितलं होतं."

"शेवटी शेवटी ती काय वाटेल ते बोलत होती. मला म्हणाली होती, कुत्रा पाळ."

"मग पाळायचा होतास."

"विनोद करू नका बाबा! आईने जन्मभर लोकांचं झाकलं आणि तुम्ही तिचं उघडं करताय."

मी एवढंच म्हटलं, "मी देणार आहे." ती चहा न घेता गेली. जाताना म्हणाली, मी पाय ठेवणार नाही तिथे. मी म्हटलं, बरं.

शुक्रवारी सकाळी कमरेचा भाग उरला होता. भिंग लावून बसलो. आदल्या दिवशीचं भांडण डोक्यात होतं, त्यामुळे हात चालेना आणि मी नुसता बघत राहिलो. कमरेच्या वर दोन ओरखडे होते, एकाखाली एक, थोडे वाकडे. त्यांच्या खाली बारीक आडव्या रेघा होत्या, अगदी सारख्या अंतरावर. घट्ट कपडा दिवसभर घातला की कातडीवर जसा वळ उठतो, तशा.

मी उठून त्या कोपऱ्याची मोठी प्रिंट काढली. डेव्हलपरमध्ये कागद टाकला आणि माझ्या बायकोची कंबर वर आली. दोन वळ्या, त्यांच्याखाली कपड्याचा वळ. मी रोज बघितलेली. ओरखड्याला कंबर कुठे आहे ते कळत नाही. हे हाताने केलेलं काम होतं.

म्हणजे मी पायमोजा लावून जे जे घालवलं होतं, ते तिने आजारपणात चाकूच्या टोकाने एकेक करून परत आणलं होतं. आणि मी मूर्खासारखा तीन दिवस बसून ते पुन्हा पुसत होतो. चाळीस वर्षं धंदा केलेल्या माणसाला बायकोचा हात ओळखू आला नाही. ओरखडा दिसला की भरायचा, एवढंच माझ्या डोक्याला माहीत.

मी स्टुलावर बसून रडलो, थोडा वेळ. मग टर्पेंटाइनची बाटली काढली.

भीती होती. खरवडलेल्या जागी फिल्मचा थर नाजूक होतो, जोरात घासलं तर सुटून येतो. मी कापूस भिजवून पिळला आणि खांद्यापासून सुरुवात केली. माझे ठिपके निघत गेले आणि खालून तिचं काम दिसायला लागलं. डाव्या खांद्यावर लस टोचल्याची खूण. बगलेपाशी कातडी सैल पडली होती तिथल्या रेघा. मानेच्या खाली एक तीळ होता. तिथे मी नेहमी ओठ टेकायचो. पायमोज्याने तो जवळजवळ घालवला होता. तिने तो एका टोचणीत, बरोबर जागेवर आणला होता. स्वतःची पाठ स्वतःला दिसत नाही. ती जागा तिला कशी कळली असेल, ते मला कळलं आणि पुढचा अर्धा तास मला काम करता आलं नाही.

दुपारी चारला निगेटिव्ह साफ झाली. माझी एक रेघ ठेवली नाही. सहापर्यंत प्रिंट झाली. पाठ चोपन्न वर्षांची होती आणि तिच्याकडे बघून हात पुढे करावासा वाटत होता. मला तरी.

शनिवारी सकाळी मंडळाच्या हॉलवर गेलो. आमच्या सेक्रेटरीला सगळे फूटपट्टी म्हणतात, कारण तो प्रत्येक फोटोचा समास मोजतो. त्याने समास मोजला, मान हलवली, मग चष्मा वर करून फोटो बघितला.

"काका, काम छान आहे. पण ओरखडे आहेत हो."

"ओरखडे नाहीत. चाकूचं रिटचिंग आहे. हिने केलंय."

"काकूंनी? म्हणजे मुद्दाम?" तो गोंधळला. "मग मुख्य विभागात नाही चालणार. नियम आहे, निगेटिव्हवर हाताने काही करायचं नाही."

"गेली वीस वर्षं तुम्ही मुख्य विभागात माझे फोटो लावलेत. प्रत्येकाला तिची पेन्सिल लागलेली आहे."

"ती दिसत नव्हती ना काका. असं करा, हे भरून आणा. पाच वाजेपर्यंत मुदत आहे. मधली भिंत तुमच्यासाठी ठेवतो, शप्पथ."

मधल्या भिंतीवर माझा फोटो दरवर्षी असायचा. मी विचारलं, "न भरता कुठे लागेल?"

"हस्तकाम विभागात. तो जिन्यात आहे. पण तिथे तुम्ही शोभत नाही हो, शाळेची मुलं रंगवून देतात तसले असतात."

"जिन्यात लाव."

"काका..."

"जिन्यात लाव म्हटलं ना. फॉर्म दे."

फॉर्मवर नावासाठी एकच ओळ होती. मी आधी तिचं नाव लिहिलं, मग माझं. माझं अर्धं समासात गेलं. फूटपट्टीने ते बघितलं आणि प्रथमच काही मोजलं नाही.

प्रदर्शन उघडलं. जिना अरुंद होता, पण हॉलमध्ये जायला तोच एक रस्ता होता. येणारा प्रत्येक माणूस तिच्यासमोरून जायचा. काही जण मान खाली घालून जात. एक जण मला म्हणाला, जरा साफ करायला हवा होता. मी म्हटलं, केला होता, मग धुतला.

बुधवारी संध्याकाळी मुलीचा फोन आला.

"लावलात?"

"लावला."

"मधल्या भिंतीवर?"

"जिन्यात."

"म्हणजे जाता-येता सगळे बघणार! बाबा, रविवारी सासूबाई येणार आहेत. तेवढा एक दिवस काढून ठेवा. माझ्यासाठी. सोमवारी परत लावा."

हे मात्र जड गेलं. एकुलती मुलगी आहे. तिने आईच्या आजारपणात रात्री काढल्या होत्या.

"नाही काढणार," मी म्हटलं.

"एक दिवस, बाबा."

"एक तासही नाही. मी एकदा पुसलंय तिला, चुकून. आता मुद्दाम नाही."

तिला त्यातलं काही माहीत नव्हतं. मग मी सगळं सांगितलं. ओरखडे, पेन्सिल, टर्पेंटाइन. मला सांगता येत नाही, मागचं पुढे होतं. शेवटी नाक ओढल्याचा आवाज आला.

"रविवारी सासूबाईंना काय सांगणार तुम्ही?"

"जे आहे ते."

"नको. तुम्ही तोंड उघडू नका. मी सांगते काय ते."

रविवारी मी वरच्या पायरीवर उभा होतो. दोघी जिना चढत होत्या, मुलगी पुढे, विहीणबाई कठडा धरून मागे. मधल्या वळणावर मुलगी थांबली. आईचा फोटो तिने पहिल्यांदाच असा पाहिला. तिचा हात स्वतःच्या कमरेवर गेला. मग ती वळून म्हणाली, "आई, ही माझी आई. हे हातकाम पण तिचंच आहे."

विहीणबाई फोटोकडे बघत राहिल्या. मग त्यांनी हात पुढे केला.

"माझा चष्मा दे गं."