एकाच मिनिटातल्या दोघी

मित्रांनो, मी एक जुनी चौकट आहे. दाराची नव्हे, प्रसूतिगृहाच्या वेबपानावरची. बाळाच्या जन्माची वेळ माझ्यात भरत.

मला घडवणारा प्रोग्रामर सदा घाईत. त्याने मला दोनच कप्पे दिले, तासाचा आणि मिनिटाचा.

"आणि सेकंद?" सिस्टरबाईंनी विचारलं.

"बाई, बाळ जन्मतंय, शर्यत नाही लागलेली!" तो म्हणाला. सगळे हसले. मीही सुखावले, तेवढंच ओझं कमी. पुढे कितीतरी बाळांच्या वेळा मी सांभाळल्या. सुटसुटीत म्हणून माझं कौतुकही झालं.

मग एका दुपारी ऑपरेशन करून जुळ्या मुली झाल्या, एकाच मिनिटात. सिस्टरबाईंनी सेकंदांसकट वेळ टाइप केली. मी लाल झाले, कप्प्याबाहेरचं काही आलं की नाकारायचं, माझा नियमच तसा. त्यांनी पुन्हा टाइप केली, मी पुन्हा लाल. "जाऊ दे मेलं," म्हणत त्यांनी सेकंद पुसले. पुसलेलं मला आठवत नाही.

वर्षं लोटली. सिस्टरबाई वारल्या. नवं पान आलं आणि मला कुणी विचारेना. एके दिवशी मात्र क्लार्कने मला उघडलं. त्याच्यासमोर एक तरुणी उभी होती.

"आम्ही जुळ्या," ती सांगत होती. "थोरली कोण, यावरून जन्मभर भांडलो. आई भुलीत होती, तिला काय ठाऊक? मी आवाज चढवून थोरली व्हायचे. गेल्या महिन्यात बहीण गेली हो. तीच थोरली असेल, तर एकदा तरी तिला ताई म्हणायला नको?"

क्लार्कने नोंदी वेळेप्रमाणे लावल्या. बहिणीचं नाव वर आलं. खात्रीसाठी त्याने पान पुन्हा उघडलं, तर हिचं नाव वर. पुन्हा उघडलं, पुन्हा बहिणीचं.

तो ओशाळला. "दोन्ही वेळा सारख्याच आहेत. मग कोण वर येईल याचा नेम नसतो. आधी कोण, ते यात नाहीच, ताई."

तो आपला रीतीप्रमाणे बोलला. पण 'ताई' हा शब्द ऐकून ती ढसाढसा रडली. माझ्याकडे द्यायला काहीच नव्हतं. इतकं वाईट मला अडगळीत पडल्यावरही वाटलं नव्हतं.

क्लार्कचा हात पुन्हा माऊसकडे गेला.

"नका," तिने डोळे पुसले. "अजून भांडतोय बघा आम्ही. राहू दे तिला वर." मग पडद्याकडे बघून हळूच म्हणाली, "ताई, येते गं."

मित्रांनो, उद्या तुमच्यातलं कुणी माझ्यासारखी चौकट घडवेल. तिला एक कप्पा जास्तीचा द्या. रिकामा राहिला तरी चालेल.